येणारं विमान, जाणारं विमान आणि मधले हजार फूट

मागे आवाज येतोय ना? बरं. मुंबई विमानतळाच्या शेजारी, पार्ल्यात विमानांवर बोलायचं म्हणजे एक सोय आहे, मी जरा श्वास घ्यायला थांबलो की वरून कोणीतरी बोलायला सुरुवात करतंच, त्यामुळे सभागृह शांत असं व्हायचंच नाही. मी आयुष्यभर एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये बसलो, आता रिटायर झालोय, त्यामुळे आज मोकळेपणाने बोलता येईल. टेक्निकल शब्द येतील मधेमधे, पण ते तुम्ही सांभाळून घ्याल, इथल्या पोरांना विमानाचं मॉडेल आवाजावरून ओळखता येतं हे मला माहितीये.

लोक मला नेहमी विचारतात, अहो आकाश एवढं मोठं, मग विमानं एकमेकांच्या जवळ येतातच कशी? आकाश मोठं आहे हे खरंच आहे, पण रनवे मोठा नाहीये ना. 35,000 फुटांवर विमानं पसरलेली असतात, वेगवेगळ्या दिशांना, वेगवेगळ्या उंचीवर. पण त्या सगळ्यांना शेवटी यायचंय ते साडेतीन किलोमीटरच्या एका पट्टीवर, आणि जी निघतात ती पण त्याच पट्टीवरून निघतात. चाळीचा जिना असतो ना एकच, सकाळी दूधवाला वर चढतोय आणि ऑफिसवाले खाली उतरतायत, तसं आहे हे. फरक इतकाच की जिन्यावर माणूस भिंतीला चिकटून उभा राहू शकतो, विमानाला थांबायची सोय नाही.

आता हा गुंता नेमका कुठे होतो ते बघू. उतरणारं विमान साधारण तीन अंशाच्या उतारावर येतं, म्हणजे दर नॉटिकल मैलाला 300 फूट खाली. तर विमानतळापासून 30 मैलांवर असताना ते 9-10 हजार फुटांवर हवं. निघालेलं विमान त्याच 30 मैलांच्या पट्ट्यात खालून वर चढत असतं. पायलटचं म्हणाल तर वर जाणाऱ्याला पटकन वर जायचं असतं कारण जेट इंजिनला वरची पातळ हवा परवडते, खाली रेंगाळलं की इंधन जळतं, आणि येणाऱ्याला शक्य तितका वेळ वर राहायचं असतं, अगदी त्याच कारणासाठी. दोघंही बरोबर, आणि दोघांचे रस्ते कुठेतरी एकमेकांना कापणार हे ठरलेलं. मग कंट्रोलर काय करतो, तर एकाला म्हणतो तू 7000 ला थांब, दुसऱ्याला म्हणतो तू 8000 च्या खाली येऊ नकोस, एकमेकांना ओलांडून गेले की मग दोघांना मोकळं सोडतो. दिवसभर हेच. आमच्या कामाचं निम्मं वर्णन इथेच संपलं.

नियम असा आहे की दोन विमानांमध्ये उभं अंतर 1000 फूट हवं, किंवा आडवं अंतर हवं, विमानतळाजवळच्या रडारवर साधारण 3 मैल, लांबच्या पट्ट्यात 5 मैल. यातला "किंवा" लक्षात ठेवा. दोन्ही एकदम लागत नाही, एक पुरतं. म्हणजे उभं अंतर असेल तर आडवं अंतर शून्य चालतं, एक विमान दुसऱ्याच्या बरोब्बर डोक्यावरून गेलं तरी ते नियमात बसतं, आणि रोज शेकडो वेळा ते होतं. 1000 फूट म्हणजे 300 मीटर आणि वर थोडं. जम्बो जेट 70 मीटर लांब असतं, हिशोब करा.

तर हा "किंवा" किती महाग पडू शकतो याची आपल्या देशातली गोष्ट म्हणजे चरखी दादरी. 12 नोव्हेंबर 1996. हरियाणातलं गाव, दिल्लीच्या पश्चिमेला, दिल्लीपासून साधारण शंभर किलोमीटर. इथे बसलेल्यांपैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांना दुसऱ्या दिवशीचे पेपर आठवत असतील. सौदी अरेबियन एअरलाइन्सचं जम्बो, फ्लाइट 763, दिल्लीहून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास निघालं, दहरान करून जेद्दाहला जायला, आत 312 माणसं, त्यात आखातात नोकरीला निघालेले भरपूर. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन 76, फ्लाइट 1907, शिमकेंटहून दिल्लीला येत होतं, त्यात 37 जण. दोन्ही विमानं धडकली आणि 349 च्या 349 गेले. हवेतल्या हवेत झालेल्या टकरींमध्ये जगात आजही हा सगळ्यात मोठा आकडा आहे.

आता काय झालं होतं? दिल्लीच्या आजूबाजूचं बरंचसं आकाश तेव्हा हवाई दलाकडे राखीव होतं, त्यामुळे नागरी विमानांना यायला आणि जायला एकच कॉरिडॉर. एकच. म्हणजे येणारी आणि जाणारी विमानं एकाच रस्त्यावर समोरासमोर, फक्त वेगवेगळ्या उंचीवर. सौदीला सांगितलं होतं 14,000 वर थांब, ते थांबलं, अजून वर मागत होतं, त्याला म्हटलं जरा थांब. कझाकला सांगितलं 15,000 पर्यंत खाली ये. त्यांनी कळवलं की आम्ही 15,000 ला आलो. कंट्रोलरने बजावलं, 15,000 सोडू नका, समोर सौदीचं बोईंग 747 आहे, दिसलं की सांगा. त्यांनी विचारलं किती मैलांवर, तो म्हणाला 14 मैल, मग थोड्या वेळाने म्हणाला 13 मैल, लेव्हल 140. लेव्हल 140 म्हणजे 14,000 फूट. तिकडून उत्तर आलं की बघतोय. आणि मग काहीच नाही. थोड्याच वेळात दिल्लीकडे येणाऱ्या एका अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने कळवलं की उजवीकडे ढगात मोठा नारिंगी उजेड दिसला, स्फोटासारखा.

कझाक विमान 15,000 ला थांबलंच नव्हतं, ते खाली सरकत राहिलं.

का सरकलं, यावर न्यायमूर्ती लाहोटींचा आयोग बसला, ब्लॅक बॉक्स परदेशात उघडले, आणि निष्कर्ष स्पष्ट निघाला की कझाक विमानाने परवानगी नसताना 15,000 सोडलं. कंट्रोलरची चूक नव्हती. कझाक बाजूने ढगातल्या हेलकाव्यांचं कारण पुढे केलं गेलं, ते आयोगाला पटलं नाही. आता इथे थांबून एक गोष्ट सांगतो जी मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी वाटते. इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलायचं काम वेगळ्या माणसाचं असायचं, रेडिओ ऑपरेटर. तो पायलटांच्या मागे बसायचा आणि त्याच्यासमोर उंचीचं मीटरच नव्हतं, बघायचं झालं तर पुढच्यांच्या खांद्यावरून डोकवावं लागायचं. त्यातून रशियन पद्धतीत उंची मीटरमध्ये, आमची सगळी भाषा फुटांत, आणि बोलायचं इंग्रजीत, जे त्या क्रूला यथातथाच येत होतं. आता आम्ही कंट्रोलर कशावर विसंबतो? रीडबॅकवर. मी म्हटलं 150, समोरून 150 परत आलं, की मी पुढच्या विमानाकडे वळतो. इथे रीडबॅक बरोबर आला होता हो! पण 150 म्हणणारं तोंड एकाचं होतं आणि विमान चालवणारे हात दुसऱ्याचे, आणि त्या दोघांच्या मधे काहीतरी हरवलं. 14 मैल आणि लेव्हल 140 हे दोन आकडे पाठोपाठ कानावर पडले त्याचा काही घोळ झाला का, हेही बऱ्याच लोकांनी मांडलंय. असू शकतं. पण माझ्या दृष्टीने त्याच्या आतही जायची गरज नाही.

कारण दिल्लीच्या कंट्रोलरसमोर जे रडार होतं ते प्रायमरी रडार. ते काय करतं, एक लहर सोडतं, विमानावर आपटून ती परत येते, स्क्रीनवर एक ठिपका दिसतो. ठिपका कुठे आहे ते कळतं, किती उंच आहे ते कळत नाही. उंची दाखवायला सेकंडरी रडार लागतं, जे विमानातल्या ट्रान्सपाँडरला विचारतं की बाबा तू कोण आणि किती उंचीवर आहेस, आणि उत्तर ठिपक्याशेजारी लिहून येतं. ते नवीन रडार दिल्लीत बसवायचं काम तेव्हा चालू होतं, वापरात यायचं होतं. म्हणजे त्या माणसाला उंची कळायचा एकच मार्ग, पायलट सांगेल ती. आणि पायलटने सांगितली होती, 15,000. आता त्याच्या खुर्चीत बसून बघा. दोन ठिपके एकमेकांकडे येतायत, जवळ आले, एकावर एक आले. यात घाबरायचं काय? 1000 फुटांचं अंतर असताना पण ठिपके तसेच एकावर एक येतात आणि पलीकडे वेगळे होतात, त्याने ते हजारो वेळा बघितलेलं असणार. त्या दिवशी ते वेगळे झाले नाहीत, बस एवढंच दिसलं त्याला.

टक्कर व्हायच्या अगदी आधी रेडिओ ऑपरेटरच्या लक्षात आलं, तो ओरडला की 150 ला रहा, खाली येऊ नका, आणि विमान वर चढायला लागलं. इल्युशिनच्या शेपटीने जम्बोचा डावा पंख कापला. चढलं नसतं तर कदाचित खालून निघून गेलं असतं असंही काही जाणकार म्हणतात. मी त्याच्यावर फार बोलत नाही, त्या दोन-चार सेकंदांवर आपण इथे खुर्च्यांवर बसून काय बोलणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे सवय आहे की अपघात झाला की माणूस शोधायचा, कोणी चूक केली, त्याला धरा. क्रू चुकला, हे खरं, आयोगाने सांगितलं. पण रस्ताच असा आखलेला होता की एका माणसाने एक आकडा चुकवला की मधे दुसरं काहीच उरलं नव्हतं. समोरासमोरची वाहतूक एकाच कॉरिडॉरमध्ये, उंची न दाखवणारं रडार, आणि दोन्ही विमानांत टक्कर टाळणारं यंत्र नाही. सगळं वजन त्या 1000 फुटांवर, आणि ते 1000 फूट फक्त बोलण्यावर. दिल्लीतल्या त्या संध्याकाळच्या आधी असं किती वेळा झालं असेल की अंतर कमी झालं आणि कोणाला कळलंच नाही, कारण कळायची सोयच नव्हती!

त्यानंतर दिल्लीत यायचा आणि जायचा रस्ता वेगळा केला. सेकंडरी रडार आलं. आणि डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना टीकॅस सक्तीचं केलं, जगात हे करणाऱ्या सुरुवातीच्या देशांत आपण आहोत, हे आपण फारसं सांगत नाही कुठे. टीकॅस म्हणजे विमानातलं यंत्र जे आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरशी थेट बोलतं, मधे कंट्रोलर नाही. धोका वाटला की आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक", आणि मग वेळ आलीच तर एकाला "क्लाइंब", दुसऱ्याला "डिसेंड", दोन्ही यंत्रं आपसात ठरवून उलट्या दिशा देतात. तेव्हा पायलटने आमचं ऐकायचं नाही, यंत्राचं ऐकायचं. हा नियम पण रक्ताने लिहिलाय, 2002 च्या जुलैमध्ये जर्मनीत उबरलिंगेनला एका विमानाने यंत्र "चढ" म्हणत असताना कंट्रोलरचं "उतर" ऐकलं, 71 जण गेले, त्यात बरीचशी शाळकरी मुलं होती.

पण टीकॅसची एक गंमत म्हणजे जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली ते चढ-उतर असे आदेश देतच नाही. बरोबरच आहे, उतरायच्या बेतात असलेल्या विमानाला "खाली जा" म्हणून कसं चालेल. म्हणजे येणारं आणि जाणारं विमान जिथे सगळ्यात जवळ येतात, रनवेच्या तोंडाशी, तिथे ते गप्प. तिथे राहतो टॉवरमधला माणूस, त्याचे डोळे आणि त्याचा अंदाज.

इथून आपल्या मुंबईकडे येऊ.

मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धरा. त्या एका रनवेवर गर्दीच्या वेळी तासाला 46 विमानं, येणारी-जाणारी मिळून. 3600 सेकंदांना 46 ने भागा, 78 सेकंद येतात. जगात एका रनवेवर एवढी गर्दी ओढणारी विमानतळं बोटांवर मोजण्याइतकी. 2024 च्या सुरुवातीला सरकारने सांगितलं की 46 च्या 44 करा. पेपरात मोठी बातमी झाली, एअरलाइन्स कुरकुरल्या. भागाकार करा, प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन सेकंद जास्त आले. हसू नका, आमच्या धंद्यात साडेतीन सेकंद म्हणजे बरीच चैन आहे.

आता हे 78 सेकंद कसे खर्च होतात. घाटकोपर-कुर्ल्यावरून एक विमान उतरायला येतंय, त्याच्यामागे दुसरं साधारण 6 मैलांवर. मधल्या फटीत मला एक निघणारं घालायचंय. येणाऱ्याचा वेग 140 नॉट्सच्या आसपास, म्हणजे तासाला 140 नॉटिकल मैल, तर 6 मैल यायला त्याला अडीच मिनिटं आणि वर थोडं. पहिलं टेकलं, धावलं, बाजूच्या टॅक्सीवेवर वळून रनवे मोकळा केला, यात गेलं जवळजवळ एक मिनिट. निघणारं तोपर्यंत रनवेच्या तोंडाशी लाइन अप करून उभं. मी म्हटलं "क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ", पायलटने थ्रॉटल पुढे केला, धावलं, उचललं, चाळीस-पन्नास सेकंद. उरले किती? तेवढ्यात जर निघणाऱ्या पायलटने जरा निवांत सुरुवात केली, किंवा आधीच्या विमानाचा वळायचा टॅक्सीवे चुकला आणि ते पुढच्यापर्यंत रांगत गेलं, तर हिशोब कोसळला. सर्वसाधारण नियम असा की निघालेलं विमान हवेत जाऊन रनवेच्या पलीकडच्या टोकापुढे गेलं किंवा वळलं, मगच मागच्याने रनवेचं तोंड ओलांडायचं. ठराविक परिस्थितीत, दिवसाउजेडी, नीट दिसत असताना, थोडी सूट देता येते.

8 जून 2024 ला मुंबईत काय झालं तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर मलाच कमीत कमी पन्नास जणांनी पाठवला असेल. रनवे 27 वर एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला जाणारं विमान अजून धावतंय, आणि मागे इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच रनवेवर टेकलंय. कोणाला काही झालं नाही. डीजीसीएने चौकशी सुरू केली, कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला केलं. इंडिगोने सांगितलं की पायलटला उतरायची परवानगी होती. मी त्या कंट्रोलरबद्दल काही बोलणार नाही, मी त्या दिवशी तिथे नव्हतो. पण व्हिडिओ बघताना सगळ्यांच्या मनात आलं की मागचा पुढच्यावर आदळला असता, आणि मला दिसत होता वेगळाच धोका.

समजा इंडिगोच्या पायलटला शेवटच्या क्षणी वाटलं असतं की नको, जागा नाही, आपण परत वर जाऊ. गो-अराउंड. प्रवाशांना गो-अराउंड म्हणजे भयंकर काहीतरी वाटतं, तसं नाही, ती रोजची, शहाणपणाची गोष्ट आहे. पण या ठिकाणी विचार करा. गो-अराउंड करणारं विमान सरळ पुढे, रनवेच्या रेषेतच चढतं. त्याच्या पुढे, त्याच रेषेत, नुकतं हवेत गेलेलं दुसरं विमान. मागच्याचा वेग आधीच 140, पुढचं आत्ता कुठे वेग पकडतंय. आणि मागच्या पायलटचं नाक वर झालेलं, त्याला खालचं किंवा पुढचं नीट दिसत नाही. टीकॅस गप्प. अशा वेळी कंट्रोलरला तिथल्या तिथे एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे काढावं लागतं, आणि आवाज चढू द्यायचा नाही, कारण आवाज चढला की पायलट दोनदा विचारतो. जुहूच्या बाजूला अजून एक भानगड, तिथे वेगळा एअरोड्रोम, हेलिकॉप्टरं उडतात, आपल्या सांताक्रूझच्या रनवेच्या जवळजवळ रेषेतच. 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 चक्क सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं, छोट्या रनवेवर, आणि पुढे निघून गेलं होतं. त्यामुळे वळवायचं म्हटलं तरी कुठे वळवायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

अमेरिकेत ऑस्टिनला फेब्रुवारी 2023 मध्ये नेमकं हेच घडलं. दाट धुकं, टॉवरमधून रनवे दिसत नाही. फेडएक्सचं 767 मालवाहू विमान उतरायला येतंय, कंट्रोलरने साउथवेस्टच्या 737 ला त्याच रनवेवरून निघायची परवानगी दिली, हिशोब असा की ते झटकन निघेल. ते झटकन निघालं नाही, धुक्यात पायलट सावकाशच काम करतो. फेडएक्सच्या पायलटांना अगदी शेवटी खाली दिवे दिसले, ते वर चढले, आणि खाली साउथवेस्ट पण उचलत होतं. दोघांत अंतर उरलं 200 फुटांपेक्षा कमी. सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे फेडएक्सच्या कॉकपिटमधूनच रेडिओवर सांगितलं गेलं की साउथवेस्ट, थांबा, म्हणजे जे काम टॉवरचं ते वरून उडणाऱ्याने केलं. त्या विमानतळावर जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नव्हतं. 1996 ची दिल्ली आठवते का? पुन्हा तेच, बघायची सोय नाही आणि एका माणसाच्या अंदाजावर सगळं.

आता चिठ्ठ्या आल्यात, दोनच घेतो, साडेआठ होत आलेत.

एकाने विचारलंय, नवी मुंबई झालं, आता मुंबईवरचा भार कमी होऊन हा धोका संपेल ना? रनवेवरचा कमी होईल, हो. पण हवेतला प्रश्न वेगळा होतो. दोन विमानतळ जवळजवळ, म्हणजे इथून निघालेलं आणि तिथे उतरणारं एकमेकांना कापणार. त्यात पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, त्यांचं आकाश राखीव, म्हणजे पूर्वेला पाय पसरायला जागा कमी. गोव्याचं दाबोळी तसंच, नौदलाचं, सकाळच्या सरावाच्या वेळेत नागरी विमानांना बंदी असते. तेव्हा खरं काम नकाशावर झालेलं असायला हवं: निघणाऱ्यांचे आणि येणाऱ्यांचे ठरलेले मार्ग असे आखायचे की जिथे ते एकमेकांना कापतात तिथे उंचीची अट छापूनच दिलेली असेल, म्हणजे कंट्रोलर एक वाक्य बोलायला विसरला तरी पायलट आपसूक 1000 फूट खालीच राहील. हे काम करणारी माणसं कुठे पेपरात येत नाहीत, ऑफिसात बसून रेघा ओढतात, पण माझं मत विचाराल तर टॉवरमधल्या आमच्यासारख्यांपेक्षा जास्त जीव ते वाचवतात.

दुसरी चिठ्ठी, हस्ताक्षरावरून लहान मुलगी असावी. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं तर आम्ही काय करायचं? काही नाही गं, पट्टा बांधून बसायचं आणि खिडकीतून बघायचं. पंधरा-वीस मिनिटांनी परत येतं. पायलट लगेच काही बोलणार नाही, त्याला त्या वेळी चाकं आत घ्यायची असतात, वेग बघायचा असतो, टॉवरशी बोलायचं असतं, तुमचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि तो तसाच लागला पाहिजे.